कट न म्हटलेला शॉट

त्या सिनेमातला मला सगळ्यात आवडलेला शॉट नदीचा आहे. एक म्हातारी बाई मार्कंड्याला वैनगंगेच्या पायऱ्या उतरते, पाण्यात हात बुडवते, उठते आणि पडद्याच्या कडेनं निघून जाते. कॅमेरा तिच्या मागे जात नाही, तिथंच थांबतो. पायरीवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे असतात, ते उन्हानं वाळत जातात. एक बगळा येऊन बसतो आणि उडून जातो. बाई परत येत नाही. मी हा सिनेमा सिंदेवाहीला माझ्या घरी एका दुपारी टीव्हीवर पाहिला. तो शॉट मागे नेऊन पुन्हा पाहिला आणि लगेच आरमोरीला भाईला फोन लावला.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. आरमोरीच्या बाजारात आमचं शिलाईचं दुकान आहे. अब्बांच्या मागे तोच ते चालवतो. फोन त्यालाच करायचा, कारण सिनेमाचे दिग्दर्शक त्याचे जन्माचे लाडके. आणि या सिनेमाचं शूटिंग मार्कंड्याला झालं तेव्हा तो स्वतः तिथं होता, कपडेपटाचा शिंपी म्हणून. मी बराच वेळ बोलले. ऐंशी ओलांडलेल्या माणसालाच असं थांबणं जमतं, तरुणपणी ते कधी इतके शांत नव्हते, असं काहीबाही. भाई हूं नाही की चूं नाही. शेवटी म्हणाला, "तो शॉट नाई बाई. त्यायले कट म्हणाची आठवण नाई राह्यली."

एवढं बोलून, गिऱ्हाईक आलं म्हणून त्यानं फोन ठेवला. पण मागे मशीनचा आवाज नव्हता, कोणाचं बोलणंही नव्हतं. गिऱ्हाईक आलं नव्हतं, हे मला कळलं.

आधी हे सांगायला हवं की भाई या माणसाबद्दल असं बोलणं म्हणजे काय. आमच्या घरी सिनेमा वर्ज्य नव्हता, पण कौतुकाचाही नव्हता. भाईला मात्र त्याचं वेड. व्हिडिओच्या जमान्यात गावात पडदा बांधून सिनेमे दाखवायचे, तेव्हा या दिग्दर्शकांचे सुरुवातीचे सिनेमे त्यानं पाठ केले होते. त्यांत गर्दी असायची, धूळ असायची, कोळशाच्या खाणी, भांडणं, एकामागून एक आदळणारी दृश्यं. भाई त्यांना उस्ताद म्हणायचा. शाळा त्यानं लवकर सोडली, मी शिकत राहिले आणि पुढे मराठी शिकवायला लागले. पण सिनेमात काय पाहायचं ते मला त्यानं शिकवलं. घरात आम्ही हिंदी बोलतो, भाई माझ्याशी मात्र मराठीच बोलतो, बाजारातली. मराठीची मास्तरीण झाली तं ऐक आता, असं म्हणून त्यानं ही सवय लावली ती कायमची.

गेल्या दहाएक वर्षांत उस्तादांचे सिनेमे बदलले. माणसं कमी झाली, बोलणं कमी झालं, दृश्यं लांबली. पेपरांत लोक त्याला परिपक्वता म्हणत. भाई काही म्हणत नसे. त्यांचं युनिट मार्कंड्याला येणार आणि त्यांना स्थानिक शिंपी हवाय, असं समजलं तेव्हा मात्र त्यानं लग्नसराईची कामं दुसऱ्याला देऊन टाकली आणि मशीन टेम्पोत घालून चामोर्शीला गेला. तिथून रोज सेटवर. शूटिंग संपवून परतला तेव्हा सगळे विचारायला जमले. त्यानं जेवण कसं होतं ते सांगितलं, थंडी किती होती ते सांगितलं. उस्तादांबद्दल एवढंच म्हणाला की माणूस चांगला आहे. मला तेव्हाच ते खटकलं होतं. ज्याच्याबद्दल तो तासन्‌तास बोलायचा, त्या माणसाला भेटून आल्यावर त्याच्याजवळ दोन वाक्यं नसावीत?

फोननंतरच्या रविवारी मी आरमोरीला गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून आम्ही दोघांनी सिनेमा पुन्हा पाहिला. मला त्याच्याकडून हिशेब हवा होता. तो शॉट चूक असेल तर कशी, ते सांग म्हटलं.

त्यानं सांगितलं. उस्ताद शाल पांघरून खुर्चीवर बसत आणि मुलगी त्यांच्या मागे उभी राही. ती त्यांची सहदिग्दर्शक. तिचा एक हात सतत त्यांच्या खांद्यावर. लोकांना वाटे, बापावर माया. भाईला काही दिवसांनी दिसलं की तो हात दाबला जायचा आणि मग उस्ताद बोलायचे. हात दाबला की 'ॲक्शन'. हात दाबला की 'कट'. रोज सकाळी ते भाईला विचारत, तुम्ही कुठले? रोज भाई सांगे, आरमोरीचा. रोज ते तितक्याच आपुलकीनं म्हणत, अरे वा, आरमोरी. नदीच्या शॉटच्या दिवशी नटीचा पाय पायरीवरून सरकेल की काय म्हणून मुलगी खाली घाटावर जाऊन उभी राहिली होती. म्हातारी निघून गेली तरी कॅमेरा चालूच. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. उस्तादांपुढे कोण बोलणार? शेवटी मुलगी धावत वर आली आणि तिनंच कट म्हटलं.

"आता तू सांग," भाई म्हणाला, "यात कला कुठी आहे?"

मी म्हटलं, कॅमेरा चुकून चालू राहिला असेल. पण नंतर सिनेमा जोडताना तो तुकडा कोणी तरी ठेवला ना? चूक ओळखून ठेवणं हीसुद्धा नजरच. भाईनं मान हलवली. "ठेवला. कोणं ठेवला? तेच तं मी विचारून राह्यलो."

मग आमचं जुंपलं. मी म्हणाले, हा त्यांचा सगळ्यात चांगला सिनेमा आहे, पहिल्या सिनेमांतला आरडाओरडा आता मला सहन होत नाही. तो म्हणाला की आरडाओरडा त्यांचा होता, ही शांतता त्यांची नाही. सिनेमा चांगला असेल, त्याचं म्हणणं तेही नाही. पण ज्याचं नाव लिहिलंय त्याचा तो नाही. मी म्हणाले, नावाशी मला काय करायचंय? तो म्हणाला, मग मला फोन करून त्यायचीच तारीफ काऊन केली?

उत्तर नसलं की माणूस शंका काढतो. मी काढली. बसमध्ये बसल्यावर मला वाटू लागलं की भाई दुखावलेला आहे. सिनेमाच्या शेवटच्या पाट्या सुरू झाल्या तेव्हा त्यानं टीव्ही बंद केला होता. त्याचं नाव त्यांनी गाळलं असणार आणि त्याचा राग तो म्हाताऱ्यावर काढतो आहे. घरी गेल्यावर मी पाट्या लावून बघितल्या. त्याचं नाव होतं, बारीक अक्षरांत, एक अक्षर चुकलेलं, पण होतं. मी फोटो काढून पाठवला. त्याचं उत्तर आलं, बरं. म्हणजे तेही कारण नव्हतं.

नंतर काही महिन्यांनी चंद्रपूरला सिनेमाप्रेमी मंडळींनी हा सिनेमा दाखवायचं ठरवलं. दिग्दर्शक स्वतः येणार होते. मी भाईला विचारलं, तो लगेच हो म्हणाला, आणि त्या तयारीनं मी पुन्हा सावध झाले. आम्ही मूलच्या स्टँडवर भेटलो आणि तिथून पुढच्या बसनं गेलो. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, अत्तर लावलं होतं. तिथं काही बोलणार आहेस का, मी विचारलं. पाहू, म्हणाला.

सकाळचा खेळ होता आणि हॉल भरलेला होता. सिनेमा संपल्यावर उस्तादांना मंचावर आणलं. मुलीनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि ती मागे उभी राहिली. तिचा हात कुठं आहे ते मी आधी पाहिलं. खांद्यावरच होता. भाईनं सांगितलं नसतं तर मला त्यात मायाच दिसली असती. आता मला माया दिसेना, नुसती बोटं दिसत होती.

चर्चा सुरू झाली. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले की उतारवयात कलावंत फापटपसारा टाकून गाभ्याशी येतो. मागून एक तरुण उठला आणि सरळ म्हणाला की सिनेमा कंटाळवाणा आहे, आपण आदरापोटी टाळ्या वाजवतो आहोत, यांचे जुने चार सिनेमे पाहा आणि मग बोला. सभागृहात कुजबुज झाली. प्राध्यापकांनी त्याला संयम शिकवला, त्यानं प्राध्यापकांना भोळे म्हटलं. उस्ताद दोघांकडे सारख्याच कौतुकानं पाहत होते. मुलगी हसत होती, पण तिची नजर रांगांमधून फिरत होती. आमच्या रांगेशी ती थांबली.

भाई उठला. माइक येईपर्यंत तो थांबला आणि म्हणाला, "उस्ताद, नदीच्या शॉटमधी बाई गेल्यावर तुम्ही कट काऊन नाई म्हटलं?"

मुलीनं लगेच माइक घेतला. रिकाम्या जागेला वडील किती महत्त्व देतात, माणूस गेल्यावर जागेत जे उरतं ते त्यांना दाखवायचं होतं, असं ती बोलली. छान बोलली. फोनवर भाईला मी जे सांगितलं होतं ते जवळपास हेच. अनेक वेळा सांगून गुळगुळीत झालेलं ते उत्तर होतं. ती बोलत असतानाच उस्तादांनी हात वर करून तिच्याकडून माइक मागितला. ती क्षणभर थांबली, पण भरल्या सभागृहात नाही कसं म्हणणार? तिनं दिला.

ते म्हणाले, "ती गेली ना. मला वाटलं, येईल परत."

मग टाळ्या सुरू झाल्या. प्राध्यापक उभे राहून वाजवत होते, तो तरुणही वाजवत होता. भाई खाली बसला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "हे टाळ्या काऊन वाजवून राह्यले? ते खरंच वाट पाहून राह्यले होते."

मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. ते वाक्य सुंदर होतं. आणि ते वाक्य आजाराचं असू शकत होतं. एकाच वाक्यात दोन्ही कसं मावतं, आणि मावलं तर मी कशावर टाळी वाजवायची? माझे हात मांडीवरच राहिले.

बाहेर पोर्चमध्ये उस्तादांना गाडीत बसवलं. लोक काचेतून नमस्कार करत होते, ते आतून हात हलवत होते. आम्ही चहा घेऊन भिंतीशी उभे होतो. मुलगी गर्दीतून सरळ आमच्याकडे आली. जवळून ती खूप थकलेली दिसली.

तिनं भाईला विचारलं, मार्कंड्याला तुम्ही होतात ना? आणि मग, आवाज न चढवता, हा प्रश्न विचारायला तुम्हाला कोणी सांगितलं? भाई म्हणाला, कोणीच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. या कोण? बहीण, भाई म्हणाला. पेपरमध्ये आहात का, तिनं मला विचारलं. नाही, शाळेत शिकवायचे, मी सांगितलं. तिचा विश्वास बसला असं वाटलं नाही. माझ्या पर्सकडे, हातातल्या मोबाइलकडे तिनं नजर टाकली. मी मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला.

"बाबांचा सिनेमा बाबांचाच आहे," ती म्हणाली.

"मी कुठं नाई म्हटलं?" भाई म्हणाला. मग त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "माझा बाप बी असाच झाला होता. मी त्याची कैची लपवून ठेवाचो."

मी भाईकडे पाहिलं. हे मी पहिल्यांदा ऐकत होते. गाडीतून कोणीतरी मुलीला बोलावलं, तिनं हातानंच थांबायला सांगितलं. मग घाईघाईनं, जणू उशीर झाला तर पुन्हा सांगता येणार नाही अशा सुरात, ती म्हणाली, "तो शॉट मी कापला होता. त्यांनी तो परत लावून घेतला. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत त्याच्यापायी. हे मी कोणाला सांगत नाही, कारण मग मी कापत होते, हे सांगावं लागतं." भाईचा फोन नंबर तिनं विचारून घेतला आणि ती गेली.

मला हायसं वाटलं. गाडी फाटकातून बाहेर पडताच मी म्हटलं, झालं ना समाधान? त्यांनीच ठेवला. भाई स्टँडच्या दिशेनं चालायला लागला होता.

"असंच म्हणन ते पोरगी," तो म्हणाला. "मी बी असंच म्हणाचो."

परतीची बस मूलकडे निघाली तेव्हा दुपार होती. दोन्ही बाजूंनी शेतं, धान कापून झालेल्या बांध्या होत्या. मी त्याला अब्बांचं विचारलं. तुझं लग्न ठरलं त्या सुमारास सुरू झालं, तो म्हणाला. अब्बा नाप घ्यायचे आणि विसरायचे, त्याच गिऱ्हाइकाचा पुन्हा नाप घ्यायचे. एकदा त्यांनी एका सदऱ्याला तिसरी बाही कापली. त्यानंतर अब्बा नमाजला गेले की भाई त्यांनी कापलेलं कापड उलगडून पाही, चुकलं असेल तर नव्यानं कापे आणि त्याच जागी तसंच घडी करून ठेवी. गिऱ्हाईक म्हणत, मास्टरच्या हाताची गोष्टच वेगळी. भाई म्हणे, तं काय. मी सुट्टीत घरी यायचे, जायचे. मला काही दिसलं नाही. अब्बा कमी बोलतात, वयानं शांत झाले, असं मला वाटायचं. त्या शांतपणाचंही मी कौतुक केलं होतं.

"सगळंच चुकत नसे," तो म्हणाला. एका कुर्त्याची कॉलर अब्बांनी अशी विचित्र कापली की त्याला ती फेकवेना. त्यानं ती तशीच लावली. लोकांना ती आवडली, पुढे तशीच मागू लागले, आजही मागतात. ती अब्बांना सुचली की त्यांची कैची घसरली, हे त्याला कधी समजलं नाही. त्यानं विचारूनही पाहिलं होतं. अब्बा म्हणाले, कोणती कॉलर?

गडचिरोलीकडे जाणारे प्रवासी पुढच्या थांब्यावर चढले, आम्हाला सरकून बसावं लागलं. माझ्या डोक्यात तोवर एकच गोष्ट फिरत होती. माझ्या नवऱ्याची निकाहची शेरवानी. अब्बांनी शिवलेली ती शेवटची मोठी वस्तू, असं आमच्या घरी सगळे मानतात. अजून ती कपाटात मलमलीत गुंडाळलेली आहे. ईदला मी ती उन्हात काढते, माझ्या मुलींना दाखवते, बघा नानांचा हात. मी भाईला विचारलं, ती कोणी कापली?

"त्यायनंच," तो म्हणाला.

विचारल्याबरोबर म्हणाला, आणि म्हणताना खिडकीबाहेर पाहत होता. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं मान वळवली नाही. मूलचा स्टँड आला, मी उतरले, तो पुढे गेला.

घरी आल्यावर मी शेरवानी काढली. शिवण पाहिली, अस्तर पाहिलं, काखेतली जोडणी पाहिली. मला त्यातलं काही कळत नाही. कापणाऱ्याचा हात कापडावर दिसत असेलही, पण तो वाचणारा माणूस आमच्या घरात एकच आहे, आणि त्याच्यावरच माझा संशय होता. नवऱ्यानं विचारलं, हे आज काय काढलंस? कसर लागली का पाहते, म्हटलं.

यंदा हिवाळ्यात उस्तादांच्या मुलीचा भाईला फोन आला. नवा सिनेमा सिरोंच्याकडे होणार होता, तुम्ही याल का, असं तिनं विचारलं. मला वाटलं, तो नाही म्हणेल. ज्याच्या नावावर त्यानं एवढी शंका घेतली, भर सभेत प्रश्न विचारला, तिथं तो कशाला जाईल? तो गेला. भाभीनं मला सांगितलं की या वेळी त्यानं मशीनही नेलं नाही, कपडेपटाचं काम दुसऱ्याच कोणाकडे होतं. मग हा तिथं काय करत होता?

परतला तसं मी त्याला गाठलं. दुकानात तो एकटाच होता, काज करत बसला होता. कसं झालं, म्हटलं. सिरोंच्याचे लोक तेलुगू बोलतात, भात अन् तिखट फार, नदी लई मोठी, असं तो सांगत राहिला. तू तिथं काय काम केलंस, मी विचारलं. बसाचो उस्तादपाशी, तो म्हणाला. त्यायच्यापाशी कोणी तरी जाणतं माणूस पाह्यजे. तिले बी कधी चहा प्याले जा लागते.

"त्यांच्या मागे उभा राहायचास, खांद्यावर हात ठेवून?"

त्यानं सुईत दोरा ओवायला घेतला. पहिल्यांदा ओवला गेला नाही. दोऱ्याचं टोक त्यानं ओठांत ओलं करून पुन्हा धरलं.

"शॉट चांगले झाले," तो म्हणाला.

"कोणी घेतले?"

"उस्तादनं. आणखी कोण घेईन?"

मी आणखी थोडा वेळ तिथं बसले. तो काज करत राहिला. मग भाभीनं आतून जेवायला हाक मारली आणि आम्ही दोघं उठलो.